वस्तीच्या गुन्ह्यांचा रोजनामचा

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात माणसाच्या ठिकाणी जी एक तीव्र न्यायबुद्धी जागी होते, ती कोणाच्या बाबतीत कवितेकडे वळते, कोणाच्या बाबतीत वादविवादाकडे. आणि क्वचित असाही एखादा मुलगा वा मुलगी निघते की, आपल्याच वस्तीत कोणाची दुचाकी रात्रीतून नाहीशी झाली, कोणत्या वळणावर सकाळी फिरावयास निघालेल्या आजींच्या गळ्यातील साखळी हिसकावली गेली, कोणत्या इमारतीत भरदिवसा घरफोडी झाली, हे सारे टिपून ठेवावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाचावयास द्यावे असे तिला मनापासून वाटू लागते. डोंबिवलीच्या एखाद्या वसाहतीत, पुण्याच्या हडपसरात, नाशिकच्या पंचवटीत वा कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत असा उद्योग आरंभणाऱ्या मुलाला घरची वडीलमंडळी बहुधा दोनपैकी एक उत्तर देतात: एक तर त्याचे अवास्तव कौतुक करतात, नाही तर ‘नसत्या भानगडीत पडू नकोस’ म्हणून त्याची वही काढून घेतात. मला दोन्ही उत्तरे गैर वाटतात. उद्योग चांगला आहे, वस्तीच्या उपयोगाचा आहे, आणि शिस्त नसेल तर धोक्याचाही आहे. ती शिस्त कोणती एवढेच येथे सांगावयाचे आहे, आणि ते मी त्या तरुण लेखकालाच उद्देशून सांगणार आहे. वडीलधाऱ्यांनी मागे उभे राहून ऐकले तरी हरकत नाही.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सेलिन्सग्रोव्ह या लहानशा गावी हिल्डी लायसियाक नावाची मुलगी ‘ऑरेंज स्ट्रीट न्यूज’ हे स्वतःचे वार्तापत्र चालवीत असे. २०१६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, घरापासून थोड्याच अंतरावर खून झाल्याची कुणकुण तिला लागली, तेव्हा तिने प्रथम पोलिसांकडून खातरजमा करून घेतली, मग त्या जागी जाऊन आसपासच्या लोकांना विचारले, आणि मोठमोठ्या वृत्तसंस्थांच्या आधी बातमी दिली. बाहुल्यांशी खेळण्याच्या वयात हे उपद्व्याप कशाला, असे तिला पुष्कळ प्रौढांनी सुनावले, आणि तिनेही त्यांना सडेतोड उत्तर दिले. या प्रसंगात जगाला कौतुक वाटले ते तिच्या वयाचे आणि वेगाचे. मला मोल वाटते ते खातरजमा आधी आणि धाव नंतर, या तिच्या क्रमाचे.

वेगाचा तर तुम्ही मोहच धरू नये. शहरातील दैनिकाचा वार्ताहर रोज नव्या ठाण्यात, नव्या प्रकरणात गुंतलेला असतो. एखाद्या इसमाला अटक झाली की त्याची बातमी छापून येते, परंतु तोच इसम चार-पाच वर्षांनी न्यायालयातून निर्दोष सुटतो तेव्हा ती वार्ता बहुधा कोठेच येत नाही, आणि लोकांच्या स्मरणात त्याच्या कपाळीची अटक तेवढी कायम राहते. वस्तीत राहून लिहिणाऱ्याला घाई नाही, कारण तो कोठे जाणार नाही. ज्या गल्लीत गुन्हा घडला तिच्यातून तो रोज शाळेला जातो, फिर्यादीही त्याच्या ओळखीचा आणि पुष्कळदा आरोपीही. एखादे प्रकरण फिर्यादीपासून निकालापर्यंत धीराने धरून ठेवणे हे काम त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही साधणार नाही, आणि पुढचे सर्व सांगणे या एका गोष्टीभोवतीच आहे.

आरंभ पोलीस ठाण्यापासून करावा. आपली वस्ती कोणत्या ठाण्याच्या हद्दीत मोडते आणि त्या ठाण्याच्या कोणत्या बीटमध्ये येते हे आधी ठाऊक करून घ्या, कारण रस्त्याची एक बाजू एका ठाण्याकडे आणि दुसरी दुसऱ्याकडे असण्याचे प्रकार शहरांतून सर्रास आढळतात. ठाण्यात प्रथम जाताना बरोबर आई, वडील वा शाळेतील एखादे शिक्षक असावेत. ठाणे अंमलदाराला आपला हेतू नीट सांगावा, कामाची गर्दी दिसली तर आल्या पावली परतावे, आणि नकार मिळाला तर वाद घालू नये. दोन-चार वेळा सभ्यपणे जाऊन आलेल्या मुलाला बीटचा हवालदार पुढे आपण होऊन ओळख दाखवतो. पहिल्याच भेटीत मोबाइल काढून चित्रण करू लागणाऱ्याला ते ठाणे कायमचे बंद होते.

तेथे ज्या नोंदी होतात त्यांचे दोन प्रकार मुळातच वेगळे आहेत. घरफोडी, जबरी चोरी, खून अशा दखलपात्र गुन्ह्यांची फिर्याद आली की प्रथम खबर अहवाल नोंदवावा लागतो आणि तपास सुरू होतो. उलट शिवीगाळ, किरकोळ बाचाबाची अशा अदखलपात्र बाबींची फक्त नोंद होते, जिला लोक ‘एन. सी.’ म्हणतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. ‘पोलिसांत तक्रार झाली’ असे कोणी सांगितले की ती यांपैकी कोणती, हे विचारल्याखेरीज लेखणी उचलू नये. प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे वगळता, हे अहवाल नोंदीनंतर सामान्यतः चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र पोलिसांकडे ते जिल्हा, ठाणे आणि तारीख यांनुसार पाहावयास मिळतात. म्हणजे पानपट्टीवर उभे राहून ऐकलेली हकिगत ताडून पाहण्याचे साधन तुमच्या हाताशी आहे, आणि ते न वापरणाऱ्याला सबब उरत नाही.

परंतु हा अहवाल म्हणजे शाबीत झालेले सत्य, अशी समजूत करून घेतली तर मोठाच घोटाळा होईल. तो फिर्यादीचा जबाब आहे. ज्याचे घर फुटले त्याने भेदरलेल्या मनःस्थितीत, आठवले तसे सांगितलेले. गेलेल्या ऐवजाचा आकडा पुढे बदलतो, वेळ बदलते, कधी कधी चोरी मुळात झालेलीच नव्हती असेही निघते. म्हणून ‘अमक्याने चोरी केली’ असे वाक्य तुमच्या वहीत कधीही येऊ नये. ‘फिर्यादीच्या म्हणण्यानुसार’, ‘पोलिसांनी नोंदविल्याप्रमाणे’, ‘संशयावरून ताब्यात घेतले’ हे शब्द कंटाळवाणे वाटले तरी प्रत्येक वेळी लिहावेत. कलमांच्या बाबतीतही डोळ्यांत तेल घालून राहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे तीन पिढ्यांना तोंडपाठ असलेले खुनाचे ३०२ हे कलम आता १०३ झाले आहे, चोरीचे ३७९ हे ३०३ झाले आहे, आणि फसवणुकीचे ४२०, ज्याने आपल्या बोलीला आणि चित्रपटांना एक विशेषणच बहाल केले होते, ते ३१८ या निरस अंकात विलीन झाले आहे. साखळी वा मोबाइल हिसकावण्याला पूर्वी स्वतंत्र कलम नव्हते. आता ३०४ हे त्यासाठीच आहे. गुन्हा त्या तारखेपूर्वी घडलेला असेल तर मात्र जुनीच कलमे लागतात, आणि येथे भल्याभल्यांची गफलत होते.

वहीत काय टिपावे? तारीख, वेळ, चौक वा रस्ता, गुन्ह्याचा प्रकार, गुन्हा रजिस्टर नंबर, चोराने आत शिरण्यासाठी वापरलेली वाट, त्या जागी दिवा होता की नव्हता, इमारतीला पहारेकरी होता की नव्हता. सहा महिने अशी टिपणे ठेवली की आपोआप काही दिसू लागते: दुचाक्या नेमक्या कोणत्या अंधाऱ्या पट्ट्यातून जातात, साखळ्या सकाळी फिरण्याच्या वेळेस कोणत्या निर्मनुष्य वळणावर हिसकावल्या जातात, दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुटीत बंद घरे कोणत्या बाजूने फोडली जातात. एवढे हाती आले की नगरसेवकाकडे, महानगरपालिकेच्या विद्युत विभागाकडे आणि ठाण्याकडे अर्ज करता येतो, आणि ‘आमच्या भागात फार चोऱ्या होतात हो’ या सुस्काऱ्यापेक्षा तारखांची यादी जोडलेल्या अर्जाचे वजन कचेरीत निराळे पडते. मात्र अमुक कुटुंब पंधरा दिवस गावाला गेले आहे, तमक्या घरी लग्नाचे दागिने आहेत, अमक्या इमारतीचा कॅमेरा बंद पडला आहे, असली माहिती कितीही सद्हेतूने लिहिली तरी ती चोराच्याच कामाची असते. ती सोसायटीच्या चिटणीसाच्या कानी घालावी, कागदावर आणू नये.

आता सर्वांत नाजूक विषय, म्हणजे नावे. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण या एका बाबतीत प्रौढ वार्ताहरही घसरतात. माझा सल्ला सरसकट आहे: कोणाचेच नाव लिहू नका, फिर्यादीचे नाही, आरोपीचे तर नाहीच. काही ठिकाणी कायदाच तुमचा हात धरतो. अठरा वर्षांखालील मूल, मग ते विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले) असो, पीडित असो वा साक्षीदार असो, त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने मनाई केली असून, उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीचा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा याहून एक पाऊल पुढे जातो: त्याच्या २३ व्या कलमात नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील आणि शाळा यांच्या जोडीला ‘शेजार’ हाही न उघडण्याच्या गोष्टींत स्पष्टपणे घातलेला आहे. तुम्ही लिहिता तेच शेजाराविषयी. सबब असे प्रकरण तुमच्या वस्तीत घडले तर तुम्ही त्यावर काहीही लिहू नये, हाच त्या कलमाचा तुमच्यापुरता अर्थ समजावा. बलात्काराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नाव न घेता ओळख पटेल असे तपशील देणे हेही तितकेच निषिद्ध होय.

ही शेवटची गोष्ट वस्तीच्या लेखकाने विशेष मनात धरली पाहिजे. लाखांच्या शहरात ‘एक शिक्षिका’ म्हटल्याने कोणाची ओळख पटत नाही. पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत ‘तिसऱ्या मजल्यावरील शिक्षिका’ म्हटले की नाव छापल्यासारखेच झाले. ‘रिक्षा चालवणाऱ्याचा मोठा मुलगा’, ‘बेकरीच्या मागचे घर’, ‘नुकतेच राहावयास आलेले भाडेकरू’ ही सारी वर्णने म्हणजे बुरखा पांघरलेली नावेच. लिहिलेला मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी वस्तीतील एखाद्या चौकस गृहस्थाला वाचावयास द्यावा, आणि त्याने वाचताक्षणी ‘म्हणजे अमक्याकडचे ना?’ असे विचारले तर तो तपशील निमूटपणे खोडावा. शिवाय बदनामीचा कायदा आहेच. न्याय संहितेचे ३५६ वे कलम दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद करते, आणि गोष्ट खरी होती एवढा बचाव तेथे पुरत नाही. ती लोकहितासाठी सांगणे आवश्यक होते, हेही दाखवावे लागते. अल्पवयीन आहोत म्हणून आपल्याला काही होणार नाही, या भरवशावर तर मुळीच राहू नये. तुमच्यापायी वडिलांना नोटीस यावयास वेळ लागत नाही.

नावाहूनही घातक गोष्ट म्हणजे परक्याविषयीचा संशय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुले पळविणारी टोळी समजून पकडले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. त्या भागात मुले पळविली जात असल्याचे संदेश मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होते. त्या संदेशांतील प्रत्येक वाक्य कोणीतरी ‘लोकांना सावध करावे’ एवढ्याच भावनेने पुढे पाठविले असणार, आणि हीच त्यातील भयंकर गोष्ट आहे. भटक्या माणसाकडे चोर म्हणून पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांना हजेरीला बांधले, पुढे तारेच्या कुंपणाआड वसविले, आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी पारध्याच्या पालावर चोरीनंतरचा पहिला छापा पडण्याची रीत काही त्याच्याबरोबर गेली नाही. तेव्हा ‘अनोळखी इसम फिरताना दिसले’, ‘परप्रांतीय दिसत होते’, ‘पालावरचे असावेत’ असली वाक्ये तुमच्या टिपणात शिरता कामा नयेत. फिर्यादीने जबाबात तसे म्हटले असले तरी जात, जमात, धर्म, प्रांत यांचे उल्लेख गाळावेत. त्या उल्लेखांमुळे कोणाचेही कुलूप अधिक सुरक्षित होत नाही. एखादा संदेश हाती आला तर ठाण्यात विचारावे, आणि तेथून नकार आला की ‘अशा घटनेची कोणतीही नोंद नाही’ एवढे वाक्य ठळक अक्षरांत लिहून लावावे. हे एक वाक्य कधी कधी वर्षभराच्या टिपणांहून अधिक मोलाचे ठरेल.

शेजाऱ्यांच्या माहितीचा उपयोग याच्या अगदी उलट दिशेनेही होऊ शकतो, याचे उदाहरण भिवंडीचे आहे. १९७० आणि १९८४ साली भीषण दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्लावार समित्या उभ्या केल्या, ज्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांबरोबर नियमाने बसत, एकमेकांना ओळखत आणि कानावर आलेली अफवा तेथल्या तेथे तपासून टाकीत. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमच्या भागात मोहल्ला समिती वा शांतता समिती असेल तर तिच्या बैठकीला एखाद्या वडीलधाऱ्याबरोबर जाऊन मागे बसावे. ठाण्याच्या दफ्तरात न सापडणारे पुष्कळ काही तेथे समजते.

आकड्यांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नावाने आज निघणारा ‘भारतातील गुन्हे’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून प्रसिद्ध होत आला आहे, आणि त्यातही एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच असे नाही. कधी नवा अधिकारी फिर्यादी टाळत नाही म्हणून वाढतात, आणि कधी लोक कंटाळून ठाण्यात जाईनासे झाले म्हणून घटतात. दोन वर्षांच्या दहा-बारा नोंदींवरून टक्केवारी काढण्याचा उद्योग कृपा करून करू नये.

स्वतःच्या जिवाविषयीही बोलले पाहिजे, कारण या वयात त्याची फिकीर नसते. पंचनामा चालू असेल तेथे दोरीच्या आत पाऊल टाकू नका. पायाचा एक ठसा तपासाचा विचका करू शकतो. रात्री पाळत ठेवणे, संशयिताच्या मागे जाणे, त्याचे चोरून छायाचित्र घेणे, हे चित्रपटातील गुप्तहेरांना सोडून द्यावे. डोळ्यांदेखत काही घडत असेल तर ११२ हा क्रमांक फिरवावा, आणि एखादे मूल संकटात दिसले तर १०९८. प्रत्यक्ष गुन्हा पाहिला असेल तर त्या क्षणापासून तुम्ही लेखक नाही, साक्षीदार आहात. घरी सांगावे, पोलिसांना सांगावे, आणि त्या प्रकरणाविषयी एक अक्षरही प्रसिद्ध करू नये. जबानीसाठी पंधरा वर्षांखालील मुलाला, आणि कोणत्याही वयाच्या मुलीला वा स्त्रीला, राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्यास पोलीस भाग पाडू शकत नाहीत, हे फौजदारी कार्यपद्धतीविषयीच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमात आहे. आईवडिलांनी ते लक्षात ठेवावे. टिपणाखाली स्वतःचे नाव आणि घरचा पत्ता घालण्याची हौसही काही वर्षे आवरती घ्यावी.

राहिली गोष्ट प्रकरण धरून ठेवण्याची. वहीच्या प्रत्येक नोंदीपुढे दोन-तीन रकाने कोरे सोडा: दोषारोपपत्र, जामीन, निकाल. आरोपी कोठडीत असताना साठ दिवसांत, आणि मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, यात त्याचे निर्दोषत्व सिद्ध होत नाही आणि पोलिसांची लाचखोरीही. वस्तीत मात्र जामीन झाला की या दोन्ही वदंता हमखास उठतात, आणि त्या वेळी कायद्यातील ही साधी तरतूद चार ओळींत समजावून सांगणारे कोणीतरी हवे असते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावे, असा आता नियम आहे. पुष्कळ फिर्यादींना तो माहीत नसतो, तो त्यांना सांगावा. पुढे खटल्याची तारीख ई-कोर्टाच्या सेवेवर गुन्हा नंबर आणि ठाण्याचे नाव देऊन शोधता येते. कोर्टात जाऊन बसणेही शक्य असते, कारण सामान्यतः खटले खुल्या न्यायालयात चालतात. एकदा जाऊन पाहिले की साक्षीदार न आल्याने तारीख कशी पडते हे पुस्तकावाचून कळते. आणि निकाल लागला की, तो शिक्षेचा असो वा मुक्ततेचा, अटकेची वार्ता जेवढ्या जागेत दिली होती तेवढ्याच जागेत तो द्यावा, आणि जुन्या टिपणाच्या समासातही त्याची तारीख लिहावी.

मात्र फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालतो आणि तुम्ही बारावी होऊन एके दिवशी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात निघून जाता. म्हणून दहावीत असतानाच वस्तीतील आठवी-नववीचा एखादा नेटका, थोडा चिवट मुलगा किंवा मुलगी हेरून ठेवावी, तिला ठाण्यात नेऊन बीटच्या हवालदाराशी ओळख करून द्यावी, आणि ज्यांचे शेवटचे रकाने अजून कोरे आहेत अशा सर्व नोंदींची वेगळी यादी गुन्हा नंबरांसह तिच्या हाती सोपवावी.